न हरवलेले सात फोन

मुलांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर एका रस्त्याने चाला. बदलापूरच्या खरवईत मोठ्या रस्त्यावर रिक्षातून उतरलात की डावीकडे एक अरुंद रस्ता आत जातो. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा बिल्डरने लावलेलं निळ्या पत्र्यांचं उंच कुंपण. वाटेत पाच खांब लागतात. खांबांवर दिवे आहेत, पण ते लागत नाहीत. रस्ता संपतो तिथे आमची इमारत. आता समजा, डिसेंबर आहे, संध्याकाळचे साडेसहा वाजून गेलेत. तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि पायाखालचं दिसावं म्हणून आईच्या मोबाईलची बॅटरी लावून चालला आहात. मागून स्कूटर येते. तुम्ही काय कराल? कडेला व्हाल. जिज्ञासानेही तेच केलं.

स्कूटर हळू झाली. मागे बसलेल्याने हात लांब केला आणि फोन घेतला. हिसका बसला असंही तिला वाटलं नाही. कुणी मागून घ्यावा तसा तो तिच्या हातातून गेला, आणि मग एकदम अंधार झाला.

जिज्ञासा दुसऱ्या मजल्यावर राहते. ती आणि तिची आई संजीवनी, घरात दोघीच. संजीवनी उल्हासनगरला जीन्स शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर बसते. जिज्ञासा रोज संध्याकाळी माझ्याकडे येणाऱ्या आठ-दहा मुलांपैकी एक. शाळेतून निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली, पण सहा वाजले की मी अजून सतरंजी अंथरतो.

माझ्याकडे मुलं निबंध कमी आणि अर्ज जास्त लिहितात. निबंध परीक्षेपुरता, अर्ज जन्मभर लागतो, असं मी त्यांना सांगत आलो आहे. काय घडलं, कुठे घडलं, केव्हा घडलं ते लिहायचं. जे घडलं नाही त्यातलं एक अक्षर लिहायचं नाही. इमारतीतले मोठे लोकही पाण्याच्या मीटरपासून रेशनकार्डापर्यंत सगळे अर्ज माझ्याकडूनच लिहून नेतात. माझं अक्षर बरं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही.

त्या संध्याकाळी जिज्ञासा घरी गेली नाही, आधी माझ्याकडे आली. रडली नव्हती. पाणी प्यायली आणि म्हणाली, विसरायच्या आत लिहून ठेवते. तिने लिहिलं तेव्हा मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. स्कूटर पांढरी. पुढच्याच्या डोक्यात हेल्मेट, मागच्याच्या डोक्यात काही नाही. तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मध्ये. जाताना नाल्याच्या पुलाकडे वळले. मला एकही शब्द बदलावा लागला नाही. शिकवणाऱ्याला असे दिवस फार थोडे मिळतात, आणि मला तेव्हा, सांगायला लाज वाटते, थोडा आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवनी, जिज्ञासा आणि मी पोलीस चौकीत गेलो. तिथले हवालदार कमळाकर मला ओळखत होते. मला बसायला खुर्ची देत ते हसून म्हणाले, "सर, तुमचं अक्षर बघितलं की आमचा अर्धा वेळ वाचतो." मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. चोरीचा गुन्हा नोंदवायचा तर पोलीस ठाण्यात साहेबांकडे जावं लागेल. जागेचा पंचनामा होईल. मुलगी लहान आहे म्हणून तिचा जबाब घ्यायला महिला अधिकारी घरी येतील. पुढे कधी कोर्टातूनही बोलावणं येईल. फोन नुसता गहाळ झाला असेल तर दाखला इथल्या इथे मिळेल, आणि त्यावर आजच नवं सिम.

"काय झालंय ते तुम्ही सांगायचं," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल ते मी घेणार."

म्हणजे निवड आमची होती. कमळाकरांना मी दोष देत नाही.

संजीवनी माझ्याकडे बघायला लागली. कारखान्याचे मुकेशसेठ रोज रात्री फोन करून दुसऱ्या दिवशी कोणी यायचं ते सांगतात. ज्या बाईचा फोन लागत नाही तिच्या मशीनवर दुसरी बसते. आज तिचा एक खाडा झालाच होता. "सर, तुम्हीच बघा काय ते," ती म्हणाली. "मला आज नंबर चालू व्हायला पाहिजे बस."

मी जिज्ञासाने लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला आणि कमळाकरांकडून कोरा कागद मागून घेतला. त्यावर लिहिलं की बाजारातून येताना गर्दीत मोबाईल कुठेतरी पडून गहाळ झाला. रस्त्याचं नाव लिहिलं नाही, कारण गर्दीत पडलेल्या फोनला रस्ता नसतो. संजीवनीने सही केली.

जिज्ञासा शेजारी उभी राहून वाचत होती. ती हळूच म्हणाली, "सर, पण तो पडला नव्हता."

मी म्हणालो की कधीकधी असं लिहावं लागतं, मोठी झालीस की कळेल. इतकी वर्षं शिकवताना हे वाक्य मी कधी वापरलं नव्हतं. दुसरे शिक्षक वापरायचे तेव्हा मला राग यायचा.

दुपारपर्यंत सिम मिळालं, जुन्या डबा फोनमध्ये घातलं आणि रात्री मुकेशसेठचा फोन आला. संजीवनी दुसऱ्या दिवशी कामावर गेली. सगळं सुरळीत झालं. जिज्ञासा संध्याकाळी येत राहिली, गणितं सोडवत राहिली. फक्त अर्ज लिहायला सांगितला की ती म्हणायची, आज नको सर. मी आग्रह केला नाही. मुलांना वेळ द्यावा लागतो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर वेळ मला हवा होता.

तीन आठवडे गेले.

आमच्या फाटकाशी चामटोलीच्या विठाबाई भाजी घेऊन बसतात. पालक, मेथी, थंडीत वालाच्या शेंगा. वय सत्तरीच्या आसपास. मोबाईल आणि घराची किल्ली कापडी पिशवीत घालून ती पिशवी गळ्यात अडकवायची त्यांची पद्धत. इमारतीतली मुलं चिडवायची, आजी, पाटी पुस्तक कुठाय, आणि त्या म्हणायच्या, तुमच्या सरांनी जप्त केलं. त्या दिवशी संध्याकाळी त्या रिकामी टोपली घेऊन मोठ्या रस्त्याकडे निघाल्या होत्या. स्कूटर मागून आली. हात लांब झाला. पण पिशवीची नाडी जाड होती, ती तुटली नाही. विठाबाई तिच्याबरोबर फरफटत गेल्या. उजवं मनगट मोडलं, खुब्याला मार बसला, आणि शेवटी नाडी तुटलीच.

त्या रविवारी सकाळी इमारतीखाली सभा झाली. पोलीस ठाण्यातून सोनिया मॅडम आल्या होत्या. तरुण फौजदार, बोलणं सरळ. त्यांनी स्वतः तो रस्ता चालून बघितला होता. दिवे बंद असल्याचं लिहूनही घेतलं होतं. लोक तावातावाने बोलायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचा धर्मेश म्हणाला, "मॅडम, इधर तो रोज का है. गाडी फिरवा ना रात्रीची."

मॅडमनी फाईल उघडली. गस्त कुठे लावायची, नगरपालिकेकडे दिवे आधी कुठे मागायचे, हे त्या नोंदी बघून ठरवतात, असं त्यांनी सांगितलं. वरचे विचारतात, त्या रस्त्यावर काय झालंय. "दोन वर्षांत या रस्त्यावर एकही चोरी नाही," त्या म्हणाल्या. "विठाबाईंची पहिली. एका नोंदीवर मला गाडी मिळणार नाही. रोजचं आहे, तर तक्रारी कुठे आहेत?"

धर्मेशने मान फिरवली. पहिल्या मजल्यावरचा अमित माझ्याकडे बघत होता. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. त्या क्षणी उठून दोन वाक्यं बोलायला हवी होती. मी आयुष्यभर वर्गात उभा राहून बोललो, पण त्या दिवशी प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलो नाही. मॅडमनी फाईल मिटली, चहाला नको म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारी संजीवनी म्हणाली, विठाबाईंना बघून येऊ. आम्ही तिघं रिक्षाने चामटोलीला गेलो. विठाबाई ओटीवर खाटेवर पडल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. सून वेणू त्यांना चमच्याने पेज भरवत होती. आजवर कुणाच्या हाताने खाल्लं नाही, आता लहान पोर झाले, असं म्हणून त्या हसल्या. वेणूने सांगितलं, हाड जुळेल पण या हाताने टोपली उचलता येणार नाही. म्हणजे आता फाटकाशी वेणू बसणार. तोच रस्ता, तीच वेळ.

मी काहीतरी धीराचं बोललो. अंधार होता, वयही झालंय, पडायला होतंच, असं काहीतरी. चांगल्या मनानेच बोललो.

विठाबाईंनी डाव्या हाताने वेणूचा चमचा बाजूला केला. "गुरुजी, गावात समदे तेच बोलतात. म्हातारी अंधारात पडली," त्या म्हणाल्या. "मी पडली नाय. मना पाडली."

मुलांनो, पुढे कितीतरी वेळ कोण काय बोललं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की जिज्ञासा खाटेच्या पायाशी उभी होती आणि ती विठाबाईंकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी गणित चुकलो असेन आणि माझं मला कळायची ती वाट बघत असेल, तसं.

परत येताना रिक्षात तिने विचारलं, "सर, असे किती लिहिलेत तुम्ही?"

आठवत नाही म्हणावंसं वाटलं. पण मला आठवत होतं. अमितचा फोन, मागच्या उन्हाळ्यात, रेशनच्या रांगेत गहाळ. धर्मेशचा, रिक्षात विसरला. आणखी दोघांचे, बाजारात पडले. चौथ्या मजल्यावरच्या सम्यकचा दोनदा. दुसऱ्या वेळी तो स्वतःच हसून म्हणाला होता, मागचाच अर्ज काढा ना सर, तारीख तेवढी बदला. प्रत्येक वेळी कुणाला तरी घाई होती. प्रत्येक वेळी कमळाकरांनी विचारलं, काय झालं, आणि मी सुंदर अक्षरात जे झालं नव्हतं ते लिहून दिलं. त्या रस्त्यावरच्या चोऱ्या दुसऱ्या कुणी लपवल्या नव्हत्या.

"सात," मी म्हणालो. "तुमचा धरून."

"सगळे आपल्या रस्त्यावरचे?"

"सगळे."

संजीवनी बाहेर बघत होती. तिच्या कपाळावर आठी पडली होती. ती म्हणाली, "आता ते उकरून काय करणार? सही आमची आहे. उद्या पोलीस विचारतील, खोटं का लिहिलंत."

मी तिला म्हणालो की विचारू देत, उत्तर मी देईन. उद्या सकाळीच सोनिया मॅडमकडे जातो, सगळं माझ्यावर घेतो. हे बोलताना मला हलकं वाटायला लागलं, आणि तेच जिज्ञासाला दिसलं असावं.

"तुम्ही एकटे गेलात तर मॅडम विचारतील, बाकीचे कुठे आहेत," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं लिहिलंत, सर. फोन त्यांचे गेलेत. त्यांनीच सांगायला पाहिजे."

"आणि नाही म्हणाले तर?"

तिने खांदे उडवले. "मग आई आणि मी दोघीच. तरी विठाआजींची धरून दोन तक्रारी झाल्या ना."

संजीवनीने तिच्याकडे बघितलं. उद्याचा खाडा, मुकेशसेठ, दुसरीच्या ताब्यात गेलेलं मशीन, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. मोठ्या रस्त्यावर उतरल्यावर तिने मुलीचा हात धरला आणि आम्ही निळ्या पत्र्याच्या कडेने चालायला लागलो. उन्हं अजून होती. तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मध्ये जिज्ञासाने एकदा मागे वळून बघितलं.

फाटकातून आत आल्यावर मी म्हणालो, आज रविवार आहे, लोक झोपले असतील, संध्याकाळी बघू. जिज्ञासाने मान हलवली. मग आईचा हात सोडून ती जिना चढली आणि पहिल्या मजल्यावर अमितच्या दाराशी थांबून तिने बेल दाबली. एकदा दाबून कुणी आलं नाही, तेव्हा पुन्हा दाबली. अमित डोळे चोळत बाहेर आला.

"काका," ती म्हणाली, "तुमचा फोन रेशनच्या रांगेत हरवला नव्हता ना?"