चार बोटांची खिडकी

माझी लेक फोटो काढते आणि त्याला कला म्हणते. मी फ्रेमा करते आणि त्याला काम म्हणते. नवरा गेला त्याला एकोणतीस वर्षं झाली. तेव्हापासून हे दुकान मी एकटीने ओढलंय. शाळा चौथीत सुटली, पण माप कधी चुकलं नाही. म्हणून लेकीच्या प्रदर्शनाचे बारा फोटो माझ्याकडे आले. तिने माझ्यावर उपकार केले असं कुणी समजू नये.

अकरावा फोटो उलगडला आणि माझा हात थांबला. बाथरूममधल्या स्टुलावर माझी नात बसलेली, आमची खारू. दहा वर्षांची पोर. डोकं सफाचट, खांद्यावर टॉवेल, डोळे रडून सुजलेले, पायाशी केसांचा ढीग. उवा झाल्या होत्या, औषधाने जाईनात, म्हणून लेकीने डोक्यावरून मशीन फिरवलं. मशीन खाली ठेवलं आणि त्याच हाताने कॅमेरा उचलला. फोटो चांगला होता, खोटं कशाला बोलू. चांगला होता म्हणून तर माझं टाळकं सरकलं.

मोबाइलवर तो महिनाभर आधीच फिरला होता. लेकीने खाली एकच शब्द लिहिलेला, ‘धीर’. लोकांना वाटलं, पोर कसल्या तरी मोठ्या आजारातून उठतेय. हजारोंनी आशीर्वाद दिले, बायांनी रडून घेतलं. बाबांनो, उवा होत्या, एवढं सांगायला काही लेकीची जीभ उचलली नाही. शाळेत मात्र सगळ्यांना खरं ठाऊक होतं. तिथे खारूचं नाव टकली पडलं. वरून खोटारडी म्हणाले ते वेगळंच.

त्या दुपारी ती टोपी कानापर्यंत ओढून दुकानात आली. टेबलावर स्वतःला बघितलं आणि फोटो पालथा घातला.

“आजी, एवढा मोठा केला?” मग बराच वेळ पट्ट्यांच्या तुकड्यांशी खेळत बसली. निघताना म्हणाली, “सोमवारी आमच्या वर्गाला नेणार आहेत प्रदर्शनाला.”

लेकीला बोलावून घेतलं. ती म्हणाली, मी तिला विचारूनच काढलाय, ती हो म्हणाली होती. मी म्हटलं, डोक्यावर मशीन असताना माणूस कशालाही हो म्हणतं. मग तिने मला शिकवायला घेतलं. मुलांचं दुःख लपवून ठेवतात म्हणून जग असं आहे, म्हणे, चित्राला घाबरायचं नसतं, म्हणे. घाबरतंय कोण, असं विचारलं तर निघालीच. जाताना तेवढं बोलून गेली, “तू चौकटी कर आई, आत काय आहे ते मी बघते.”

बरं म्हटलं. चौकटीच केल्या.

आमच्या कामात फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठा घालतात आणि त्याला खिडकी कापतात. पुठ्ठा नसेल तर फोटो वर्षानुवर्षं काचेला टेकून राहतो आणि चिकटून बसतो. खिडकी किती कापायची ते फ्रेमवालीच्या हातात. बाकीच्या फोटोंना मी पूर्ण खिडकी दिली. खारूच्या फोटोला चार बोटांची, तळाच्या कोपऱ्यात. तिच्यातून दोन पाय दिसत आणि जमिनीवरचे केस. फोटोला ओरखडासुद्धा नाही. मागून खिळे ठोकले, दुहेरी चिकटपट्टी मारली आणि उद्घाटनाच्या सकाळी सगळा माल थेट हॉलवर पाठवून दिला.

खारूला घेऊन मी पोहोचले तेव्हा लेक जमिनीवर बसून स्क्रूड्रायव्हरने पट्टी उकरत होती. हॉलचा माणूस हातोडी घेऊन ताटकळत होता. मला वाटलं, आता आकांडतांडव होणार. पण लेक आवाज चढवत नाही तेव्हाच तिची भीती असते.

“तुझ्या दुकानाच्या काचेत एकोणतीस वर्षं कोण रडतंय, आई?”

आमच्या शोकेसमध्ये नमुन्याची फ्रेम आहे, सोनेरी नक्षीची. आत सात वर्षांची लेक, पुढचे दात पडलेले, तोंड वासून रडतेय. एका गिऱ्हाइकाने काढलेला फोटो. येणारे जाणारे थांबायचे, हसायचे, मग आत यायचे. पत्ता सांगताना लोक म्हणायचे, रडक्या मुलीचं दुकान.

“गल्लीभर बोळकी म्हणायचे मला,” ती म्हणाली. “शाळेला जाताना मी समोरच्या फुटपाथने जायचे. चारदा म्हटलं तुला, काढ.”

“फ्रेमा विकायला लावला होता तो.”

“आणि का रडत होते मी, ते सांगितलंस कुणाला? लोक दातांना हसत होते.”

तिचा बाप जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते.

 

खारू आमच्या दोघींच्या मध्ये उभी होती. टोपी तिने हातात घेतली होती. आईला म्हणाली, “तू अजून रागावलीयस ना आजीवर? मग मी पण तुझ्यावर अशीच रागावणार. मोठी झाल्यावरसुद्धा.”

लेकीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. फ्रेम भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि हॉलच्या माणसाला सांगितलं, हिचा खिळा काढून टाका. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आता तुझी पाळी.”

दुसऱ्या दिवशी ती दारात हाताची घडी घालून उभी राहिली आणि मी शोकेसमधली फ्रेम उतरवली. मागचा पुठ्ठा काढला. तेव्हाच्या घाईत मी मधला पुठ्ठाच घातला नव्हता. दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं तर त्याची मी खरडपट्टी काढली असती. फोटो ओढला तर कागद हातात आला, पांढरा. गाल आणि उघडं तोंड काचेवरच राहिलं.

“पाण्यात भिजवून बघते,” मी म्हणाले.

“राहू दे,” ती म्हणाली आणि गेली.

काच मी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. पुसायला हात धजत नाही. लेक माझ्याशी कामापुरतं बोलते. मीही तिच्या पाया पडणार नाही. शोकेसमध्ये सोनेरी फ्रेम रिकामीच टांगलीय. गिऱ्हाईक विचारतं, ती रडकी मुलगी कुठे गेली? मी सांगते, मोठी झाली.