उलट्या खवल्यांची जाळी

रोशेलने लाटणं नेलं. विचारलं नाही, सांगितलं नाही, उचललं आणि सरळ गॅरेजमध्ये नेलं. ॲग्नेस हुदाकच्या स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठही आजवर कुणी न विचारता नेलं नव्हतं. आणि इथे रविवारच्या चर्चच्या जेवणासाठी हलुश्कीचं, म्हणजे कोबी-लोण्यात परतायच्या जाड शेवयांचं, पीठ मळून ओट्यावर पडलेलं, कोबी चिरलेला, लोणी बाहेर काढलेलं, आणि लाटणं गॅरेजमध्ये. सून म्हणवते!

बरं, एक लाटणंच असतं तर ॲग्नेसने सोडून दिलं असतं. पण या बाईचं वागणंच धड नव्हतं. नवरा हिवाळ्यात गेला. चांगला धट्टाकट्टा लॉइड, कारखान्यात कॉफीचा पेला हातात धरून खाली बसला तो उठलाच नाही. आणि या बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही. मयताला आलेल्या बायका रुमाल भिजवत होत्या, आणि ही सगळ्यांना विचारत फिरत होती, कॉफीत दूध घालू का. तेव्हापासून कामावर जाते, येते, आणि गॅरेजमध्ये जाऊन बसते. जेवायला हाक मारली तर "आले मा" म्हणते आणि येत नाही.

ॲग्नेस स्वतःही रडली नव्हती. पण तिचं वेगळं होतं. ती आई होती, तिच्याकडे बघून कुणी बोट दाखवणार नव्हतं. शिवाय तिला काही होतच नव्हतं. हातावर डोकं ठेवून झोपावं आणि उठल्यावर तो हात दुसऱ्याचाच वाटावा, तसं सगळं अंग झालं होतं. कोबी चिरताना बोट कापलं तर रक्त दिसल्यावर कळलं.

घर दुमजली. वर ॲग्नेस, खाली लॉइड आणि रोशेल. आता खाली एकटी रोशेल. आणि तीही फार दिवस राहणार नाही, हे ॲग्नेसला ड्वेनकडून कळलं होतं. ड्वेन म्हणजे लॉइडच्या मोटरसायकल क्लबचा म्होरक्या, दाढी पोटापर्यंत आणि जीभ त्याहून लांब. तो सांगून गेला होता की उद्या चर्चमध्ये फादरनी पवित्र पाणी शिंपडून क्लबच्या गाड्यांना आशीर्वाद दिला की नदीपलीकडचा मर्विन नावाचा माणूस लॉइडची गाडी बघायला येणार. गाडी गेली की रोशेल बहिणीकडे वाळवंटात, ॲरिझोनात. सुनेने सासूला यातलं चकार शब्दाने सांगितलं नव्हतं.

ॲग्नेसने हात एप्रनला पुसले आणि ती गॅरेजकडे निघाली. एप्रनच्या खिशात लॉइडच्या गाडीची घंटी किणकिणली.

ही घंटी चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी, पितळेची. गाडीच्या पोटाशी, जमिनीजवळ बांधायची. रस्त्यावरची पीडा तीत अडकून बसते म्हणतात. स्वतः विकत आणून स्वतःच बांधली तर ती निव्वळ धातूचा तुकडा. कुणीतरी आपल्या हाताने द्यावी लागते. माणूस गेला की घंटी घरातल्या थोरल्याकडे येते, आणि गाडी ज्याच्याकडे जाणार त्याच्या हातात थोरल्यानेच ती घालायची. घंटीशिवाय मेलेल्या माणसाची गाडी या नदीकाठी कुणी फुकटसुद्धा नेत नाही.

गॅरेजमध्ये लॉइडची गाडी उभी होती आणि तिचं पुढचं कवच, म्हणजे फेअरिंग, काढून जुन्या सतरंजीवर पालथं घातलं होतं. दिव्याच्या खाली दोन्ही बाजूंना वारा आत जायला दोन खाचा, नाकपुड्यांसारख्या. त्या खाचांना आतून काळी जाळी लावायची हा लॉइडचा शौक. अर्ध्या क्लबच्या गाड्यांना त्यानेच लावून दिली होती. खडे अडतात म्हणायचा, पण खरं कारण एवढंच की गाडी रुबाबदार दिसते. स्वतःच्या गाडीची मात्र डावी बाजू झाली होती आणि उजवी राहिली होती.

रोशेल जाळीचा तुकडा लाटण्यावर दाबून त्याला बाक देत होती.

"ते लाटणं आहे," ॲग्नेस म्हणाली.

"माहीत आहे मा."

"खायचं लाटतात त्याने."

"फेअरिंगला फुगवटा आहे. जाळीला तेवढाच बाक हवा. लॉइड पाइपवर द्यायचा, मला पाइप सापडला नाही."

"मग माझं घर सापडलं!" ॲग्नेसने लाटणं ओढून घेतलं. लाकडावर पत्त्यांतल्या चौकटीसारखे बारीक ठसे उठले होते, ओळीने. तिने अंगठा फिरवला. खरखर लागली, बाकी काही नाही. "आता हलुश्कीवर नक्षी येईल. फादरना सांगेन, सुनेची कलाकुसर आहे."

रोशेल हसली नाही, रागावलीही नाही. तिने खाचेची कड पॉलिश पेपरने घासली, स्पिरिटने पुसली, दोन नळ्यांतला गोंद पत्र्याच्या झाकणावर कालवला. सगळं सावकाश, जसं काही दुसऱ्याच्या घरची भांडी घासतेय. जाळी बसवून चिमटे लावले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

अर्ध्या तासात गोंद धरल्यावर दोघींनी फेअरिंग सुलटं करून टेकवलं, आणि नेमका तेव्हाच ड्वेन आत शिरला.

"वा, वा! झालं वाटतं." तो वाकला, डोळे बारीक केले, मग दाढीतून शीळ घातली. "रोशेल, पोरी, अगं एक जाळी उलटी लागलीय की."

ॲग्नेसनेही पाहिलं. ही जाळी तारेची विणलेली नसते, पत्रा चिरून ताणलेला असतो. म्हणून प्रत्येक भोकाला एक बारीक ओठ असतो आणि सगळे ओठ एकाच बाजूला कललेले, माशाच्या खवल्यांसारखे. दोन्हीकडचे खवले मागे कलायला हवेत. एक बाजू कापली की फर्मा पालथा घालून दुसरी कापायची, बाही कापताना करतात तसंच. इथे एका बाजूचे खवले मागे होते, दुसरीचे पुढे.

"पहिल्यांदा करणाऱ्याचं असंच होतं," ड्वेन म्हणाला. "लॉइड असता तर हसून लोळला असता. उपटून टाकतो, तासाभरात नवीन लावून देतो. कुठली, ही उजवी ना?"

"उजवी बरोबर आहे," रोशेल म्हणाली. "उलटी डावी आहे."

"डावी तर लॉइडने..." ड्वेन तिथेच थांबला. पुन्हा वाकून त्याने पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "छे. लॉइड? लॉइडकडून कसं होईल?"

"त्या आठवड्यात त्याचा हात बधिर पडत होता. थंडीने असेल म्हणाला. जाळी उलटी बसली हे त्याला कळलं, पण गोंद धरायच्या आत काढायला जमलं नाही. रविवारी काढून नवी लावतो म्हणाला." ती गोंदाचं झाकण पुसत होती. "तो रविवार आला नाही."

ड्वेनने टोपी पुन्हा घातली. बाहेर शेजाऱ्याचा कुत्रा भुंकत होता.

"मग मी काढतो ना," ड्वेन हळू आवाजात म्हणाला. "कुणाला कळायचंही नाही. मर्विनची नजर तिखट आहे बाई, त्याला दिसणार."

"हात लावू नकोस."

"अगं, पण विकायची तर..."

"ड्वेन, हात लावू नकोस तिला."

तो गेला. ॲग्नेस लाटणं काखेत मारून उभीच होती. "म्हणजे विकतेयस," ती म्हणाली. "म्हातारीला ड्वेनच्या दाढीतून कळावं होय गं?"

"सांगणार होते मा."

"कधी? ॲरिझोनातून फोन करून?"

रोशेलने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "रोज सकाळी कचरा टाकायला येते तर ही गाडी समोर उभी. मला काहीच होत नाही मा. मला वाटलं, राहिलेलं काम पुरं केलं की काहीतरी होईल. रडू येईल, राग येईल. आत्ता चिमटे काढले. काही नाही झालं. मग ठेवून काय करू?"

 ॲग्नेसने फेअरिंगच्या मागून डाव्या खाचेत हात घातला. वाळलेल्या गोंदात एक खळगा लागला, अंगठ्याचा. लॉइडचा अंगठा लहानपणापासून रुंद, चपटा, बापावर गेलेला. तिने स्वतःचा अंगठा त्यात ठेवून पाहिला. मोठा झाला खळगा. तिला वाटलं, आता तरी काहीतरी होईल. गोंद गार होता, एवढंच कळलं.

"पीठ वाळेल," असं म्हणून ती वर गेली.

रविवारी चर्चच्या आवारात गाड्याच गाड्या. हिवाळ्यात ज्याच्या घरचा माणूस गेला त्याची गाडी सगळ्यांत पुढे असते. इंजिन बंद, घरच्यांनी ढकलत न्यायची. एका बाजूने रोशेल, एका बाजूने ॲग्नेस. गाडी बैलासारखी जड. वाटेत ॲग्नेसला धाप लागली तशी रोशेल थांबली, पण काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ॲग्नेसने खाल्लं असतं तिला.

फादरनी बादलीत केरसुणीसारखा ब्रश बुडवून पाणी शिंपडलं. लॉइडचं नाव घेतलं. मागे सगळ्यांनी टोप्या काढल्या. ॲग्नेस जाळीकडे बघत होती. उजव्या जाळीवरून पाणी घरंगळून गेलं, क्षणात कोरडी. डावीचे उलटे खवले मात्र पाणी धरून बसले, प्रत्येक ओठात एकेक थेंब, आणि ऊन पडलं तरी हलेनात.

आशीर्वाद आटोपला, लोक जेवणाच्या हॉलकडे वळले, तेव्हा मर्विन आला. वाळकुडा, स्वच्छ दाढी केलेला माणूस. त्याने गाडीभोवती फेरी मारली, टायर दाबले, आणि पुढे येऊन गुडघ्यावर बसला. ड्वेन आणि क्लबातले पाचसहा जण आसपासच घुटमळत होते.

"गाडी छान ठेवलीय," मर्विन म्हणाला. "पण ही डावीकडची जाळी उलटी बसवलीय की हो. कुणाचं काम हे?"

या सगळ्यांच्या गाड्यांना लॉइडच्याच हातची जाळी होती, आणि उलटी एकही नव्हती. ड्वेनने बुटांकडे पाहिलं.

"माझं," रोशेल म्हणाली. "नवऱ्याने उजवी केली होती. डावी मी केली. मला जमत नाही."

"तरीच," मर्विन म्हणाला. "काही हरकत नाही, मी उपटून नवी लावेन." आणि तो उठून, टोपी हातात घेऊन ॲग्नेसपुढे उभा राहिला. रीत त्यालाही ठाऊक होती. "बाई, घंटी तुमच्याकडे आहे म्हणे."

ॲग्नेसने कोटाच्या खिशात हात घातला. घंटी बोटांना लागली. तिने सुनेकडे पाहिलं. तोंडावर रेघ हललेली नव्हती, तेच कॉफीत दूध घालू का विचारणारं तोंड. आणि त्याच तोंडाने तिने भर आवारात लॉइडची चूक स्वतःच्या माथी घेतली होती.

ॲग्नेसने मर्विनला हाताने बाजूला केलं, रोशेलचा हात ओढला, त्यात घंटी घातली आणि तिची बोटं मिटवली.

"मा, हे काय..."

"गप्प. आता मी बोलतेय. तू खोटारडी आहेस. चर्चच्या आवारात, अंगावरचं पवित्र पाणी वाळायच्या आत खोटं बोललीस, माझ्या पोरासाठी बोललीस. लाटणं नासवलंस ते वेगळंच. रडू येत नाही म्हणतेस, तर मला कुठे येतंय? नाही येत तर नाही येत, जेवायला तरी वेळेवर येत जा. गाडी कुणी नेणार नाही, आणि त्या डाव्या जाळीला कुणी हात लावायचा नाही. चालवायला ड्वेन शिकवेल, नाही शिकलीस तर पुसत बस. बहिणीला सांग, सासू सोडत नाही. आणि आता चल, हलुश्की निवतेय."