अर्ध्या उंचीचं पॅरिस

आईला पॅरिस दाखवायचं आणि तेही लास व्हेगसमध्ये, ही अक्कल ऋषीची. त्यानं ते सुचवलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अगं, सप्टेंबरमध्येच उघडलंय ते हॉटेल," तो म्हणाला. "आयफेल टॉवर आहे, अर्ध्या उंचीचा. कमान आहे, रस्ते आहेत, कॅफे आहेत. साडेपाच तास ड्राइव्ह. काकूंना मजा येईल यार."

"जिनं एकोणतीस वर्षं फ्रेंच शिकवलं, तिला तू जुगाराच्या अड्ड्यातलं पॅरिस दाखवणार? शोभतं का?"

"ओरिजिनल कॅन्सल झालं ना पण."

ओरिजिनल कोणामुळे कॅन्सल झालं ते मला पक्कं माहीत होतं.

आई त्याच वर्षी मे महिन्यात शाळेतून रिटायर झाली होती आणि डिसेंबरमधल्या माझ्या कॉन्व्होकेशनसाठी दीड महिना आधीच फिनिक्सला आली होती. बाबांना बँकेतून सुटी मिळाली नाही, म्हणून एकटीच. परतीच्या तिकिटात मी मुद्दाम पॅरिसला दोन दिवसांचा मुक्काम घेतला होता. मुंबईत व्हिसाचा अर्ज करायला वेळ उरला नव्हता, पण तो लॉस एंजेलिसच्या कचेरीत पोस्टानंही करता येतो असं कळलं. फॉर्म मी मागवला, आईकडून भरून घेतला, सही घेतली. "आता तू काही बघू नकोस, सगळं माझ्याकडे," असं छाती पुढे काढून सांगितलं. मग प्रोफेसरांनी थिसिसचं तिसरं प्रकरण परत लिहायला लावलं आणि फॉर्म माझ्या टेबलावर कागदांच्या ढिगाऱ्यात गेला. तो सापडला तेव्हा मुदत उलटून पाच दिवस झाले होते.

खरं सांगायची हिंमत झाली नाही. "आई, व्हिसा रिजेक्ट झाला," असं मी ठोकून दिलं. मुक्काम काढून टाकून तिकीट बदललं.

आई नुसतं "बरं" म्हणाली आणि मुगाची डाळ भिजत घालायला गेली. ती चिडली असती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. त्या एका "बरं"नं मी दोन आठवडे धड जेवले नव्हते.

आईचं फ्रेंच म्हणजे काय ते सांगायला हवं. पुण्यातल्या तिच्या शाळेत आठवीपासून संस्कृतऐवजी फ्रेंच घेता यायचं, आणि मुलं ते घ्यायची ती मार्क पडतात म्हणून. आईला फ्रेंच शिकवलं तिच्या कॉलेजातल्या सरांनी. सरांना मुंबईच्या एका पारशी बाईंनी शिकवलं होतं, आणि त्या बाईंना कोणी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. या सगळ्या परंपरेत फ्रान्स बघितलेलं माणूस औषधालाही नव्हतं. मी स्वतः संस्कृत घेतलं, कारण घरी आई आणि वर्गातही आई हे मला झेपलं नसतं. पण आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला पॅरिसचा नकाशा कायम चिकटवलेला असायचा. पोळ्या लाटताना आई त्यातून हिंडायची. कोणत्या पुलावरून उतरलं की कोणतं चर्च लागतं, हे ती लक्ष्मी रस्त्यावरची दुकानं सांगावीत तसं सांगायची.

मला वाटलं होतं, व्हेगसचं ऐकून आई नाक मुरडेल. तिनं विचारलं, "पुऱ्या करू का बरोबर घ्यायला?"

कॉन्व्होकेशननंतरच्या शनिवारी पहाटे आम्ही निघालो. ऋषी गाडी चालवत होता. तो नागपूरचा, माझ्याच डिपार्टमेंटमधला, आणि त्याची जुनी टोयोटा म्हणजे आम्हा सगळ्यांची एसटी. मागे माझी रूममेट भावना, डोंबिवलीची. तिला गाडीत बसताक्षणी झोप लागते. आई पुढे, साडीवर माझं विद्यापीठाचं जॅकेट आणि मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. हूवर धरणाजवळ थांबून पुऱ्या खाल्ल्या. आई सगळ्यांशी छान गप्पा मारत होती. मी मात्र खिडकीतून बाहेर बघत बसले होते, आणि आज तिला खरं सांगायचंच असं ठरवून टाकलं होतं. नकली पॅरिसमध्ये हिंडताना खोटंही बोलत राहायचं, हे मला सहन होणार नव्हतं.

दुपारी बाराच्या सुमारास पोचलो. टॉवर लांबूनच दिसला. आई मान वर करून बराच वेळ बघत राहिली.

"रंग बरोबर आहे," ती म्हणाली.

आत गेलो आणि पुढचा तासभर आम्ही तिघं तिच्या मागे पळत होतो. टॉवरचे पाय छत फोडून थेट जुगाराच्या यंत्रांमध्ये उतरलेले होते. आईनं त्यातल्या एकावर हात ठेवून पाहिला. "इथं खरं तर बाग आहे. मुलं खेळतात," ती म्हणाली. मग बाहेर ऑपेराची इमारत पाहून तिला हसूच आवरेना. "अरे, हे टॉवरच्या शेजारी कसं? चालत पाऊण तास लागेल! आणि नदी कुठंय? नदीच नाही?"

"काकू, वाळवंट आहे," ऋषी म्हणाला. "ॲडजस्ट करा थोडं."

"नदी नाही तर कोण कुठल्या तीरावर राहतो हे कळणार कसं? त्यावरून माणूस ओळखतात तिथं."

भावना पूर्ण जागी झाली होती. "काकू, तुम्ही किती वेळा जाऊन आलात?"

"एकदाही नाही," आई म्हणाली आणि पुढे चालू लागली.

तिच्या आवाजावरून वाटलं, तिला खरंच मजा येतेय. मला तिचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाजही. ही बाई खऱ्या पॅरिसमध्ये कशी हिंडली असती, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

पण एक गोष्ट मला खटकत होती. तिथल्या नोकरांना फ्रेंचमध्ये नमस्कार करायला शिकवलेलं होतं. दारावरचा माणूस, दुकानातली मुलगी, जो तो "बाँजूर, मादाम!" करत होता. आणि दर वेळी आई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची. एकदा चष्मा, एकदा रुमाल. कोणालाच तिनं उलट बाँजूर म्हटलं नाही.

आतल्या गल्लीत एक कॅफे होता. खाली दगडी फरसबंदी, वर छतावर रंगवलेलं निळं आकाश आणि ढग. आम्ही बसलो. वेटर आला, झुकून "बाँजूर" म्हणाला.

"काकू, आता फ्रेंचमध्ये ऑर्डर द्या!" ऋषीनं टेबलावर थाप मारली. "फुल डेमो!"

"वन कॉफी, प्लीज," आई म्हणाली.

"काकू! चीटिंग!"

"अगं बोल ना, आई," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. "एवढी वर्षं शिकवलंस, एक कॉफी मागता येत नाही?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला शब्द परत गिळावेसे वाटले. तिचा चेहरा उतरला होता. भावना शहाणी आहे. तिनं ऋषीला कोपरखळी मारली आणि टॉवरच्या लिफ्टची रांग बघून येतो म्हणून त्याला उठवून घेऊन गेली.

आम्ही दोघीच उरलो. आई कॉफीत साखर ढवळत होती. ती विरघळून केव्हाच गेली होती, तरी ढवळत होती. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"आई, तुझा व्हिसा रिजेक्ट झाला नव्हता. मी फॉर्म पाठवलाच नाही वेळेवर. थिसिसच्या नादात राहून गेला. आणि मग तुला खोटं सांगितलं."

तिनं चमचा बशीत ठेवला. "माहीत आहे मला."

"काय?"

"तुझं टेबल रोज मीच आवरायचे ना. फॉर्म तिथंच होता. रोज दिसायचा."

"मग बोलली का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर मी त्याच दिवशी पोस्टात टाकला असता!"

"म्हणूनच नाही बोलले." आईनं माझी नजर टाळली. "एकदा तुझ्या हाताला लागत होता. मीच तुझी ती जाड निळी फाइल त्याच्यावर ठेवली."

दोन आठवडे मी स्वतःला बोल लावत होते, आणि या बाईनं फॉर्म लपवला होता! आधी राग आला, तोही भरपूर. मी तिला फाडफाड बोलणार होते. पण ती जॅकेटची चेन वरखाली करत बसली होती, दहावीच्या तोंडी परीक्षेला आत बोलवण्याची वाट बघणाऱ्या मुलीसारखी. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आशू, मला भीती वाटली गं," ती म्हणाली. "एकोणतीस वर्षं शिकवलं. पण एकाही फ्रेंच बोलणाऱ्या माणसाशी मी आजवर एक वाक्य बोललेले नाही. सर सांगायचे तसे उच्चार मी केले, मी केले तसे मुलांनी केले. ते बरोबर आहेत की नाहीत, कोणी सांगायचं? तिथं उतरले असते, तोंड उघडलं असतं, आणि समोरच्यानं नुसतं 'काय?' म्हटलं असतं तर? मग मी इतक्या मुलांना शिकवलं ते काय होतं? शिकवत होते तोवर एक बरं होतं, आता तर रिटायर झाले. दुरुस्त करायलाही वर्ग नाही."

असं काही होणार नाही, असं म्हणायला मला फ्रेंच कुठं येत होतं? मी तिचा हात धरला.

तेवढ्यात शेजारचं टेबल पुसायला एक बाई आली. उंच, काळीसावळी, पन्नाशीची, डोक्याला रुमाल बांधलेला. व्हेगसच्या हॉटेलांमध्ये नोकरांच्या छातीवर नावाची पट्टी असते आणि नावाखाली त्यांचं गाव किंवा देश लिहितात. आई समोर येईल ते वाचते. तिनं पट्टी वाचली, आणि मीही वाचली. आमिनाता. सेनेगल.

सेनेगलमध्ये शाळा-कचेऱ्यांची भाषा फ्रेंच आहे, हे मला आईमुळेच माहीत होतं.

आईनं पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. माझ्या ओठांवर "बोल ना" येऊन ठेपलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी तोंड आवरलं. बाईनं टेबल पुसलं, कप ट्रेमध्ये रचले, ट्रे ढकलगाडीवर ठेवला आणि गाडी वळवली.

आई उठली. खुर्ची फरसबंदीवर करकरली.

"पार्दों, मादाम," ती म्हणाली.

बाई थांबली. आई एक वाक्य बोलली, लांबलचक. शेवटाकडे तिचा आवाज कापायला लागला होता. बाई तिच्याकडे, तिच्या साडीकडे, जॅकेटकडे बघत राहिली. मग तिनं भराभर काहीतरी उत्तर दिलं. इतकं भराभर, की मला त्यात शब्द कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो तेही कळलं नाही.

आईलाही कळलं नव्हतं. तिच्या पाठीवरून मला ते समजलं. मी उठून तिला बाजूला घेणार होते.

पण आई हलली नाही. तिनं बोट थोडं वर केलं, वर्गात गोंगाट झाला की करायची तसं, आणि पुन्हा काही बोलली. सावकाश बोला, असं असणार. कारण बाई मोठ्यानं हसली, ढकलगाडीचा दांडा सोडला आणि एकेक शब्द सुटा करून तेच परत बोलली.

या वेळी आईनं उत्तर दिलं. मग बाईनं काही विचारलं. मग आईनं. दोघी फरसबंदीच्या मधोमध उभ्या होत्या आणि लोक त्यांना वळसा घालून जात होते. आई अडखळायची, हातांनी हवेत काहीतरी दाखवायची, शब्द सापडला की मान हलवायची. एकदा बाईनं तिला एक शब्द पुरवला. एकदा चक्क आईनं बाईला पुरवला. ऋषी आणि भावना परत आले, आणि ऋषी काही बोलायच्या आत मी त्याचा दंड इतक्या जोरात धरला की तो कळवळला.

शेवटी बाईला कोणीतरी हाक मारली. तिनं आईचे दोन्ही हात हातात घेतले, काही म्हणाली आणि गाडी ढकलत निघून गेली.

आई परत येऊन बसली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"तिला तीन मुलं आहेत. थोरला डाकारला असतो, त्यांच्या राजधानीत; तिथलीच आहे ती. पॅरिस तिनंही पाहिलेलं नाही." आईनं डोळे पुसले. "आणि विचारत होती, तुम्ही शाळेत शिकवता का? म्हणाली, तिच्या गावातल्या शाळेतल्या बाई अशाच बोलायच्या, हुबेहूब."

"मग तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं." आई गार कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरून बसली. "आशू, तिला समजलं गं. सगळं समजलं तिला."