'झालंच समजा' आणि मी, लाल बिल्ला

मित्रांनो, मी हाताच्या पंजाएवढा, पत्र्याचा लाल बिल्ला. वयाने जुना आणि स्वभावाने संशयी. माझ्यावर पांढऱ्या अक्षरांत फक्त 'दोष आहे' असं लिहिलेलं आहे. कपाळावर असे शब्द घेऊन जगणाऱ्याचा कोणावर चटकन विश्वास बसत नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

पत्रा कापणाऱ्या यंत्राखाली मी जन्मलो. भोक पाडताना दुखलं, रंग चढला तेव्हा मात्र मी भाव खाल्ला. मग सुरक्षेची तपासणी करणाऱ्या मॅडमनी मला पिशवीत टाकलं. जिथे धोका दिसेल तिथे त्या मला तारेने बांधत. नियम एकच होता. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा, आणि तोही दुरुस्ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. सुरुवातीला लोक मला मानायचे. तुटक्या कठड्यावर मी दिसलो की चार हात लांबून जायचे. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं, की माणसांना दोषाचा त्रास होत नाही, माझाच होतो.

एकदा आम्ही चादरी धुणाऱ्या एका कारखान्यात गेलो. तिथे इस्त्रीचं मोठं यंत्र होतं. दोन गरम रुळांमध्ये ओली चादर सारायची, ती पलीकडून कडक होऊन निघायची. रुळांच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती. बोटं आत जाऊ लागली, की दांडीला धक्का लागून यंत्र जागच्या जागी थांबायला हवं. मॅडमनी धक्का दिला. रूळ आपले फिरतच राहिले! त्यांनी यंत्र बंद करायला लावलं आणि मला बटणावर बांधलं.

"तुमची पाठ वळू द्या मॅडम, झालंच समजा," सुपरवायझर म्हणाले.

'समजा' म्हटलं की माझा पत्रा थरथरतो. 'झालं' आणि 'झालंच समजा' यांच्यात एक अख्खा हात मावतो, मित्रांनो.

आणि झालंही तसंच. काही दिवसांनी एक माणूस डबा-ब्रश घेऊन आला आणि दांडीला पिवळाधमक रंग फासून गेला. "आता याचं काय काम," म्हणत सुपरवायझरांनी मला सोडलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. तिथे संपलेले सेल होते, पेनांची टोपणं होती, आणि बाहेरचं बघायला-ऐकायला एक फट होती.

त्याच आठवड्यात इस्त्रीवाली ताई कामावर परतली. घरी लेक झाली होती, म्हणून ती रजेवर होती.

"काय गं, झोपू देते का पोरगी?" घड्या घालणाऱ्या मावशींनी विचारलं.

"कुठलं मावशी! चादर दिसली की तिच्यावरच आडवं व्हावंसं वाटतं."

"आडवी हो, पण इस्त्री व्हायच्या आधी!"

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. पेंगुळलेले डोळे आणि ते गरम रूळ, यापलीकडे मला काही सुचेना.

"दादा, दांडी बिघडली होती म्हणे, तिचं झालं ना?" ताईने सुपरवायझरांना विचारलं. शहाणी पोर!

"झालंच समजा. बिल्ला दिसतोय का कुठे?"

बिल्ला दिसत नव्हता. दांडी नवी कोरी दिसत होती. यंत्र सुरू झालं. मी खणात नुसता कुढत होतो.

नशीब, की मॅडमही माझ्यासारख्याच संशयी. न कळवता त्या परत आल्या.

"माझा बिल्ला कुठाय?"

"काम झालं मॅडम, म्हणून काढला. बघा ना, कशी चकाकतेय."

"चकाकतेय खरी. थांबते का ते बघू."

त्यांनी ताईला बाजूला केलं. एका रबरी हातमोज्यात चिंध्या कोंबल्या, तो चादरीवर ठेवून आत सोडला आणि दांडी दाबली. रंगाने घट्ट बसलेली दांडी हललीसुद्धा नाही. हातमोजा पाचही बोटांसकट आत गेला आणि पलीकडून कागदासारखा सपाट होऊन आला.

ताईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मी फिटरला सांगितलं होतं," सुपरवायझरांचा आवाज खाली आला.

"आणि मी म्हटलं होतं, झालंच समजा," मागे उभा असलेला फिटर पुटपुटला. "त्या दांडीमागचा स्विच मिळाला नव्हता हो. तुम्ही परत विचारलं नाही, मला वाटलं भागलं."

मॅडमनी यंत्र बंद केलं, मला खणातून काढून पुन्हा बटणावर बांधलं. "आता मला 'समजा' नको," त्या म्हणाल्या, "दाखवा."

स्विच आला, फिटरने तो बसवला, दांडीवरचा रंग खरवडला. या वेळी मॅडमनी ताईलाच दांडी दाबायला लावली. रूळ जिथल्या तिथे थांबले. ताईने यंत्र परत सुरू करायला लावलं आणि परत थांबवलं.

"अहो ताई, बास की!" सुपरवायझर म्हणाले.

"थांबा दादा," ती म्हणाली, "याच हातांनी घरी लेकीला उचलायचंय." आणि तिने पुन्हा एकदा दांडी दाबली.

मग मॅडमनी मला सोडलं.

मित्रांनो, मला काढल्याचा राग मला कधीच येत नाही. सुटका कोणाला नको असते? पण माझ्याआधी दोष निघू द्या. तुमच्या कामाच्या जागी, शाळेत, जिन्यात, कुठेही कोणी म्हणालं 'झालंच समजा', तर हसून म्हणा, समजतो, आधी दाखवा. कोणी तुम्हाला संशयी म्हणेल. म्हणू द्या.