धुक्यातली मेंढी

रंगाचं नाव होतं ‘धुक्यातली मेंढी’. थट्टा करत नाहीये, डब्यावर तसं छापलेलं होतं. हॅलिफॅक्सच्या थंडगार चढावर सगळं आयुष्य काढलंय मी, धुक्यातल्या मेंढ्या मला कुणी शिकवू नयेत. धुक्यात मेंढी दिसत नाही. तिच्यावर जाऊन आपटलात की कळतं, अरे, इथे मेंढी होती. आणि हा रंग आमच्या सुनेनं, इमोजेननं, आमच्या पॅसेजला लावून घेतला. लाकडी पॅनेलला, वरच्या भिंतीला, सगळ्या दारांना, जिन्याच्या कठड्याला, वर छतालासुद्धा. हल्ली म्हणे असंच करतात. सगळं एका रंगात बुडवून काढलं की जागा मोठी वाटते.

मोठी वाटून करायचंय काय? घोडे बांधायचेत?

आधी काय होतं ते सांगते. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत कमरेइतकं उंच लाकडी पॅनेल, गर्द बाटली-हिरवं, चकचकीत ऑइलपेंट. वर भिंत फिकट पिवळी. तळघराचं दारही हिरवंच, पॅनेलचाच एक भाग असल्यासारखं. त्याला लागून पुढे जिन्याखालच्या संडासाचं दार, ते मात्र सायीसारखं पांढरं. हे सगळं माझ्या नवऱ्याच्या, विल्फच्या हातचं. विल्फ रंगारी. चव्वेचाळीस वर्षं त्यानं लोकांची घरं रंगवली. पॅनेल इतकं गडद कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "खाली बूट घासतात, बाबागाड्या घासतात, ओली कुत्री घासतात. वरच्या भिंतीला कोण हात लावतंय? तिचे काय ते लाड करा."

तीन वर्षांपूर्वी त्याचे डोळे गेले. पूर्ण नाही गेले. मधलं गेलं, कडा राहिल्या. माझ्याकडे सरळ बघितलं तर त्याला माझा चेहरा दिसत नाही, कान दिसतात. तो म्हणतो, कान अजून चांगले आहेत तुझे. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं, घरात गडद आणि फिकट शेजारी शेजारी असू द्या, तेवढं त्यांना कळेल. आम्हाला काही करावंच लागलं नाही. विल्फनं आपल्या हातानं आधीच करून ठेवलं होतं. हिरवं चालू, हिरवं चालू, मग पांढरा पट्टा. पट्टा आला की संडास. दिवसातून आठ वेळा जायचा, कुणाचा हात न धरता, शीळ घालत.

सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं असतं हो? आपल्या पायांनी संडासला जाता आलं पाहिजे. बाकी सगळं मिळालं तर मिळालं.

फेब्रुवारीत इमोजेन नमुन्याच्या छोट्या डब्या घेऊन आली. पॅनेलवर, बूट काढतो तिथे, तिनं सहा चौकोन रंगवले. आमच्याकडे हा रिवाजच आहे. भिंतीवर चौकोन ओढायचे आणि महिनाभर येईल त्याला विचारायचं, अगदी पोस्टमनलाही सोडायचं नाही. पोस्टमन बिचारा म्हणाला, सगळेच छान आहेत.

"ब्रेंडा, अगदी खरं खरं सांगा हं," इमोजेन म्हणाली आणि तिनं चौथ्या चौकोनावर बोट ठेवलं. तीच ती मेंढी.

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "सुरेख आहे गं. वेगळाच आहे. बघू."

आता हे नीट समजून घ्या. आमच्यात तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘वेगळाच आहे’ म्हणजे नाही. ‘बघू’ म्हणजे मेले तरी नाही. इमोजेनला आमच्या घरात येऊन सहाच वर्षं झालीत, तिला नसेल कळलं, सोडून देऊ. पण क्रेग? माझ्या पोटचा पोर शेजारी उभा होता, हातात चहा घेऊन. लहानपणी त्यानं कुत्रा मागितला तेव्हा मी ‘बघू’ म्हटलं होतं. आला का कुत्रा? सत्तेचाळीस वर्षं माझं ‘बघू’ ऐकतोय तो. त्या दिवशी मात्र सोयीचं होतं म्हणून त्याचे कान बंद झाले.

आणि मी तरी तेव्हाच का नाही सांगितलं, की बाबा रे, तुझे वडील त्या पांढऱ्या दाराच्या जोरावर जगतायत? कारण विल्फनं बजावलं होतं, "पोराला कशाला सांगतेस? मग तो माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागेल." डोळे अधू झालेत एवढं क्रेगला माहीत होतं. दार कसं सापडतं, हे फक्त आम्हा दोघांना.

मे महिन्यात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. पोरानं आम्हाला आठवडाभर माझ्या बहिणीकडे समुद्रावर पाठवलं. वाटलं, गुणाचं आहे लेकरू. परत आलो तर पुढच्या दाराच्या मुठीला रिबीन बांधलेली. आत शिरले. पॅसेज नव्हताच. दारं नव्हती, पॅनेल नव्हतं, कुठे काय संपतं आणि काय सुरू होतं काही कळत नव्हतं. माझे डोळे धड आहेत, तरी मला क्षणभर कोट कुठे अडकवायचा ते सुचेना.

"सरप्राइज!" इमोजेन टाळ्या वाजवत म्हणाली.

मी म्हणाले, "अगंबाई, सुरेख." माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

विल्फनं पॅनेलवरून हात फिरवला. बोटांनीच त्यानं काम पाहिलं. "सफाईदार आहे," तो म्हणाला. "दोन हात दिलेत. छान केलंत पोरांनो." मग खुर्चीपर्यंत माझा दंड धरून आला. आमच्या लग्नात त्यानं माझा दंड धरला होता, त्यानंतर थेट त्या दिवशी.

आता बदलायचं म्हणजे पोरांच्या भेटीवर थुंकण्यासारखं, असं वाटून मी गप्प बसले. विल्फही गप्प. पंधरा दिवस आम्ही दोघं एकमेकांशी ‘सुरेख’ खेळत होतो.

मला कळलं ते चहावरून. विल्फ दिवसाला नऊ मग चहा पिणारा माणूस. एका मंगळवारी अकराचा मग तसाच थंड झालेला दिसला. दुसऱ्या दिवशी दुपारचा. "नको आज," तो म्हणाला. पन्नास वर्षांत त्या माणसानं चहाला नको म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. क्रेगच्या आजोबांच्या प्रेतयात्रेच्या दिवशीसुद्धा तीन प्याला होता. मी विचारलं, पोट बिघडलंय का? तर म्हणे, उकडतंय. हॅलिफॅक्समध्ये! अंगावर दोन स्वेटर!

शुक्रवारी दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आत आले तर विल्फ पॅसेजमध्ये तळघराचं दार उघडून उभा. एक हात चौकटीवर आणि एक पाय पुढे, हवेत. खाली बारा दगडी पायऱ्या.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर दचकून तोल गेला असता. मागून जाऊन त्याचा कमरेचा पट्टा धरला आणि ओढला. दोघंही पायपुसण्यावर बसलो. त्याची विजार ओली झाली होती.

"एक दार चुकलं," तो म्हणाला. "नऊ पावलं मोजतो मी. आज बहुतेक आठच झाली."

"म्हणून चहा सोडलास?"

त्यानं पायपुसण्याची कड सरळ केली. मग म्हणाला, "पोरानं एवढ्या हौसेनं केलंय, ब्रेंडा."

त्याला धुतलं, कोरडं केलं, तळघराला खिळा ठोकून कडी लावली. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. ह्या घरात बाप चोरून तहानेला राहतोय, आणि का, तर जागा मोठी वाटावी!

रविवारी क्रेग आणि इमोजेन जेवायला आली. मी मांस भाजलं, त्याबरोबरची खारी पुडिंगं भट्टीत फुगवली, सगळं रीतसर केलं. जेवण झाल्यावर म्हणाले, "क्रेग, चष्मा दे तुझा."

"कशाला?"

"दे म्हणते ना."

दवाखान्यातल्या बाईनं एकदा माझ्यावर केलं होतं तेच केलं. दोन्ही काचांच्या मधोमध व्हॅसलीनचा जाड ठिपका फासला, कडा तेवढ्या सोडल्या. चष्मा त्याच्या नाकावर ठेवला आणि त्याला पुढच्या दाराशी नेऊन उभा केला. तळघराची कडी मी आधीच काढून ठेवली होती.

"जा आता संडासला."

"आई, हा काय खेळ आहे?"

"खेळ नाही. तुझे वडील रोज करतात. जा."

हसत निघाला. चार पावलांत हसू संपलं. हातानं पॅनेल चाचपत, खांदा घासत तो पुढे सरकत गेला आणि मी त्याचा स्वेटर मुठीत घट्ट धरून मागे चालले. एका दाराची मूठ त्याच्या हाताला लागली. दार उघडलं, तळघराचा गार वारा आला आणि तो पाय टाकणार तेवढ्यात मी स्वेटर खेचला.

"बारा पायऱ्या आहेत," मी म्हणाले. "दगडी. शुक्रवारी तुझ्या बापाचा पाय इथे हवेत होता."

क्रेगनं चष्मा काढला. तोंड पांढरंफटक पडलं होतं. मागून इमोजेन म्हणाली, "पण ब्रेंडा, मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही सुरेख म्हणालात. दोनदा."

तिचं बरोबर होतं आणि त्यामुळे मला जास्तच संताप आला. "हो, म्हणाले! खोटं बोलले! मला तो रंग पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मला तुझे चौकोनही आवडले नव्हते. आणि क्रेग, तू! ‘बघू’ म्हणजे काय हे तुला माहीत नव्हतं? माझ्या डोळ्यांत बघून सांग."

"माहीत होतं," क्रेग म्हणाला. अगदी हळू. "मला वाटलं, झाल्यावर आवडेल."

"ओरडू नकोस त्यांच्यावर," खोलीतून विल्फचा आवाज आला. "काम सफाईदार आहे."

"विल्फ, तू आता एक शब्द बोलू नकोस! तुझ्या चांगुलपणानं तू तळघरात मान मोडून पडला असतास, आणि पडता पडताही सुरेख म्हणाला असतास!"

क्रेगनं तळघराचं दार लावलं आणि कडी घातली.

सोमवारी क्रेगनं रजा टाकली. मी बाटली-हिरवा आणि सायीचा पांढरा आणून ठेवला होता. विल्फला आम्ही पॅसेजमध्ये खुर्ची दिली. त्याला ब्रश दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. "सुका चाललाय तुझा ब्रश, क्रेग, बुडव. एवढा नको बुडवूस, ओघळेल." इमोजेनही आली. कुणी बोलावलं नव्हतं. मेंढी खरवडायला पॉलिश पेपर घेऊन खाली बसली आणि संडासाचं दार तिनंच पांढरं केलं. मग मागे सरून विचारलं, "ब्रेंडा, बरं झालंय का?"

जिभेवर ‘सुरेख’ आलंच होतं. ते गिळलं.

"नाही," मी म्हणाले. "खालच्या कडेला ओघळ आलेत. घास आणि परत लाव."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग परत खाली बसली आणि घासायला लागली. दुसरा हात चांगला बसला. तसं मी तिला सांगितलंही, आणि ह्या वेळी ते खरं होतं.

राग माझा अजून गेलेला नाही. अर्धा क्रेगवर आहे, अर्धा सुनेवर, आणि गणित चुकलं तरी चालेल, सगळ्यात मोठा अर्धा माझ्यावर आहे.

रंग बुधवारी वाळला. दुपारी तीनला विल्फनं खुर्चीतून हाक मारली, "ब्रेंडा, किटली ठेव. मोठा मग दे." एक प्याला. दुसरा मागून घेतला. मग उठला. मी स्वयंपाकघरातच थांबले, दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून. मागे जायचं नाही, असं स्वतःला बजावलं होतं.

पावलं ऐकली. त्यानं मोजली नाहीत. दाराची कडी वाजली, योग्य दाराची, आणि आतून शीळ आली.

मी तिसरा मग भरला.