बोडीकडची नाली

“गिरजाबाई, तरंगणाऱ्या मण्याला काम सांगू नका. आधी त्याला आतपर्यंत ओला करा. बुडाला, की मग सांगा.”

माधवी मॅडम निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. तरी प्रयोगशाळेच्या दारात पाऊल टाकताच गिरजाबाईला त्यांचा आवाज ऐकू आला. समोर वीस लिटरचा डबा उघडा होता. त्यातल्या फिकट नारिंगी पाण्यावर पांढरे मणी साबुदाण्याच्या थरासारखे तरंगत होते.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती दहा दिवस घुग्घुसला गेली होती, आज बुधवारी कामावर परतली होती.

“हे मणी कोणं टाकले जी?”

“मी,” नवे प्रफुल सर लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाले. “आठवडा झाला, काहीच होत नाही. एक्स्पायर झाले तुमचे मणी. शुक्रवारी तपासणीची कमिटी येऊन राह्यली, बाई. नळ सुरू करा अन् द्या सोडून सिंकमध्ये. पाण्यात पाणी.”

पेशीच्या आतला डीएनएचा धागा दिसावा म्हणून मुलं डब्यातला तो नारिंगी रंग वापरत. धाग्यालाच जाऊन चिकटतो, म्हणून तो अंगाला लागू द्यायचा नाही, आणि मासे जगतात अशा जित्या पाण्यात तर मुळीच जाऊ द्यायचा नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रंग ओढून घ्यायचं काम या मण्यांचं. पण मण्यांच्या बरणीचं झाकण सैल राहिलं होतं आणि मणी वाळून खडखडीत झाले होते. सरांनी ते तसेच ओतले होते.

“एक्स्पायर नाई झाले, सर. कोरडे हायेत. उद्या दुपारपर्यंत द्या मले.”

“अन् नाही झालं तर?”

“मंग आपण बोलू.”

सर हसले. “नोकरीले सव्वीस वर्षं झाली म्हणून तुमचंच ऐकतात इथी सगळे.”

गिरजाबाईने हातमोजे चढवले, गाळणीने सगळे मणी वेचून काढले आणि धूर ओढणाऱ्या कपाटात मिथेनॉलमध्ये भिजत घातले. मण्यांतून बारीक बुडबुडे निघाले. ते थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग मिथेनॉल वेगळ्या बाटलीत काढलं, मणी पाच पाण्यांनी धुतले आणि डब्यात सोडले. या वेळी ते सरळ तळाला गेले.

डबा मोठा, हलवायचं यंत्र लहान. तिने लांब काचेची कांडी घेतली. ढवळताना तोंडात नाम होतं. शंभर झाले की थांबायचं, जरा बसायचं, पुन्हा उठायचं.

दुपारी जेवणाचा डबा खायला ती मागच्या कुंपणाशी गेली. तिथून कॉलेजच्या सांडपाण्याची नाली निघून सरळ बोडीत उतरते. त्या तळ्याच्या पाळीवरच्या महादेवाला रोज सकाळी तळ्यातलंच एक गडू पाणी घातल्याशिवाय गिरजाबाईच्या तोंडात घास जात नसे. पाळीवर डोमा धीवर जाळं सांधत बसला होता.

“काय बाई, नातू पाहून आल्या, अन् हात रिकामे?”

“नातीन झाली, डोमाभाऊ.”

“मंग तर पेढे डबल.” त्याने दाताने दोरा तोडला. “उद्या सांजच्याले जाळं लावतो. शुक्रवारचा बाजार हाये. तुमच्या नालीचं पाणी बरं हाये ना?”

“माह्या हातून एक थेंब नाई जात.”

“तुमच्या हातून नाई जात, बाप्पा. पण कालेज का तुमच्या एकटीचं हाये?”

तो गमतीने बोलला होता. तिने मात्र हातातली भाकर खाली ठेवली. “थेंब जरी गेला, तर मी सोता येऊन सांगीन. जाळं लावायच्या आधी.”

“झालं तर मंग,” म्हणून डोमा पुन्हा जाळ्याकडे वळला.

दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर, तिने डब्यातलं पाणी परीक्षानळीत भरून जांभळ्या दिव्याच्या पेटीत धरलं. काल निखाऱ्यासारखी पेटणारी नळी आज काळी होती. तिने दुसरी भरली. तीही काळी; पाण्यात रंग उरला नव्हता.

सरांनी स्वतः वाकून पाहिलं. “मानलं, बाई. एवढंसं ओलं करायचं राह्यलं अन् मी मण्याले दोष देऊन राह्यलो होतो.”

मणी गाळून तिने जाड पिशवीत बंद केले, भट्टीत जाळायला जाणाऱ्या कचऱ्याच्या पेटीत ठेवले आणि वर तारीख लिहिली. रिकामा डबा धुऊन जागेवर ठेवायला ती कोपऱ्यात वाकली आणि तशीच थांबली. फरशीवरच्या धुळीत दोन डब्यांचे दोन गोल उमटलेले होते.

“सर, इथी दोन डबे होते.”

सरांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, “दुसरा मागच्या मंगळवारीच सिंकमध्ये सोडला. तुम्ही नव्हत्या. पण नळ जोरात होता, बाई. वाहून गेलं ते.”

“वाहून कुठी गेलं, सर? बोडीच्या पुढं पाण्याले वाट नाई.”

पंखा घरघरत होता. काल आणि आज, दोन्ही सकाळी तिने त्याच पाण्याचा गडू महादेवावर घातला होता. तिने हातमोजे उतरवले आणि कोपरापर्यंत हात धुतले.

“कुठं निघाल्या?”

“डोमाभाऊले सांगाले.”

“वेड्या झाल्या का? उद्या कमिटी आहे. शनिवारी सांगा. मी येतो सोबत, पाणी तपासून घेऊ.”

“तपासाच. पण जाळं आज लागते.”

“माझी नोकरी अजून पक्की नाही, बाई.” सरांचा आवाज खाली आला. “तो विचारीन, कोणं सोडलं म्हणून.”

“विचारीनच तो,” गिरजाबाई म्हणाली. “तुमचं नाव मी आपून होऊन नाई घेत. पण त्यानं विचारलं, तर खोटं बी नाई बोलत. म्हणून म्हणते, तुमीच चला.”

सर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. घड्याळात साडेचार होत होते.

मागच्या दाराशी तिने चपला घातल्या. उन्हात बोडीचं पाणी डोळ्यांना लागत होतं. पलीकडच्या पाळीवर डोमा खांद्यावरचं जाळं खाली उतरवत होता. गिरजाबाईने डोक्यावरून पदर घेतला आणि नालीच्या काठाकाठाने चालायला लागली.