अर्ध्यावरची हजेरी

ठाण्याजवळच्या दिव्यात दुपारी नळ उघडा ठेवून झोपतात. खाली रिकामी बादली ठेवायची आणि आडवं व्हायचं. पाणी आलं की बादली वाजते, बाई उठते. नंदाही अशीच झोपायची, एक कान मोरीत ठेवून. आणि त्या झोपेत तिला तिचं स्वप्न पडायचं.

खाडीत शाळा भरलेली असे. तिवरांच्या सावलीत बाक, पोरींचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात, मधूनच एखादा बगळा वर्गातलाच असल्यासारखा उभा. बाई हजेरी घेत. त्यांचा चेहरा दिसत नसे, आवाज तेवढा ऐकू येई. "सुमती." "हजर." आता पुढचं नाव आपलं, म्हणून नंदा पाठ ताठ करी आणि तेवढ्यात बादली वाजे. नववीत शाळा सुटली तेव्हापासून ती हे एक उत्तर जिभेवर घेऊन बसली होती.

स्वप्न तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या कोकणातल्या माहेरचा नियम साधा होता. वाईट स्वप्न वाहत्या पाण्याला सांगावं, वाहून जातं. चांगलं कुणालाही सांगू नये, सांगितलं की परत येत नाही. गावी वाहता व्हाळ होता, इथे नळ. त्यामुळे वाईट स्वप्नं पाणी येईपर्यंत पोटात ठेवावी लागत, आणि टँकरच्या आठवड्यात तर त्यांचं अपचनच व्हायचं.

मुलगी, योगिनी, ठाण्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकत होती. पण त्या कॉलेजात सगळ्यांनाच सगळं थोडं थोडं शिकावं लागे. रसायनवाल्यांनी चित्रं बघायची, इतिहासवाल्यांनी आकडेमोड करायची. त्याला म्हणे कोअर कोर्स.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," शेजारची ऐश्वर्या म्हणाली.

"चिंध्यांचीच गोधडी होते," नंदा म्हणाली, आणि विषय मिटला.

त्यातल्या 'माणसं आणि संस्कृती' या विषयाला दर्शना मॅडमनी काम दिलं. दोन वेगळ्या रीतीच्या घरांतल्या मुलींनी जोडी करायची, एकमेकींकडे जायचं, आणि त्या घरात पडलेल्या स्वप्नाचं पुढे काय करतात ते वर्गात येऊन सांगायचं. योगिनीची जोडी विठ्ठलवाडीच्या रचनाशी लागली.

रचना आली, पोह्यांची बशी हातात घेतली आणि म्हणाली, "काकू, काल मला भारी स्वप्न पडलेलं. माझे सगळे दात पडले, आणि मी ते मुठीत घेऊन..."

नंदाचा हात थांबला. स्वप्नात दात पडला तर घरातलं कुणीतरी जातं, असं तिच्याकडे मानत. "गप. पुढे बोलू नकोस."

नळ कोरडा होता. तिने पिण्याच्या हंड्यात तांब्या बुडवला आणि रचनाला हाताला धरून मोरीपाशी नेलं. "मी ओततेय तोवर सांग. माझ्याकडे नको, पाण्याकडे बघ."

रचना आधी हसत सांगू लागली, मग हळूहळू दबक्या आवाजात. स्वप्न लांबलं, तसा नंदाने दुसरा तांब्या घेतला.

"आई, प्यायचं पाणी आहे ते. टँकर उद्या येणार."

"मग आज कमी पी."

पाणी जाळीतून दिसेनासं होईपर्यंत रचना बघत राहिली. "आमच्यात हे काही मानत नाहीत, काकू. पप्पा म्हणतात, घाबरायचं नाही, बोलायचं."

"नको मानूस. दात तुझे, काळजी माझी."

"आता रविवारी तुम्ही यायचं आमच्याकडे," रचना म्हणाली. "पण स्वप्न घेऊन यावं लागतं हां. तसा नियमच आहे."

आठवडाभर नंदा विचारात. वाईट स्वप्नं सगळी वाहून गेलेली. जवळ होतं ते एकच. खोटं रचून न्यावं, तर ते कुणाकडे शिळी मिठाई नेल्यासारखं. आणि खरं सांगावं, तर उद्यापासून खाडी नाही, बाक नाहीत, बगळा नाही.

रविवारी रचनाच्या घरी बुद्धांच्या तसबिरीखाली सतरंजीवर चहा मांडला होता. रचनाचे वडील भगवानदादा यांनी सुरुवात केली. "स्वप्नात मी नवी चप्पल घेतली. एक पाय गेला, दुसरा काही जाईना. तिथेच जाग आली."

त्या घरात स्वप्न जिथे तुटेल तिथून ऐकणाऱ्याने पुढे न्यायचं असे. त्यांची बायको रमाबाई म्हणाली, "जाईना, कारण ती माझी होती. स्वतःची कुठे सोडलीय ते यांना स्वप्नात पण माहीत नसतं."

हसणं ओसरल्यावर सगळे नंदाकडे बघू लागले. वाहतं पाणी नव्हतं, म्हणून ती कपातल्या चहाकडे बघत बोलली. तिवरं, घोट्याएवढं पाणी, बाईंचा आवाज. "सुमतीनंतर माझं नाव. आणि बादली वाजते."

रमाबाईने कप खाली ठेवला.

"शाळेत नाव काय लावायचात, ताई?" रमाबाईने विचारलं.

"नंदा सहदेव राऊळ." योगिनीने चमकून बघितलं. तिच्या जन्माच्या आधीपासून आई परबच होती.

रमाबाईने पदराला हात पुसले आणि मांडी सरळ केली. उजवा तळवा हजेरीपुस्तकासारखा समोर धरला.

"सुमती."

"हजर, बाई," रचना म्हणाली.

"नंदा सहदेव राऊळ."

नंदाच्या पायांना गार लागलं. सतरंजी कोरडी होती, तरी लागलं. "हजर," ती म्हणाली. आवाज जरा पातळ आला, नववीतला.

वर्गात पोरींनी दोन्ही घरं सांगितली. कुठली पद्धत बरी, असं मॅडमनी विचारलं. "एकीला पाणी लागतं, एकीला माणसं," रचना म्हणाली. "दिव्यात माणसं सोपी पडतील," योगिनीने जोडलं, तसा वर्ग हसला.

नंदाला मात्र त्यानंतर कोरी झोप लागू लागली. सांगितलंस ना, गेलं, असं ती स्वतःला बजावी आणि तरी रोज दुपारी नळ उघडा ठेवून वाट बघत पडे.

मग एका दुपारी खाडी आली. तिवरं तीच, बगळा तोच. पाण्यावरून एक चप्पल तरंगत चाललेली. बाईंचा आवाज थोडा रमाबाईसारखा.

"सुमती."

"नंदा सहदेव राऊळ."

"हजर."

बादली वाजली. नंदाने ती ऐकली. पण बाईंनी हजेरी मिटून पुस्तक उघडलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शिकवणं सुरू होत होतं. कुठेतरी लांब, मोरीकडे, योगिनीच्या पावलांचा आवाज आला. भरल्या बादलीवरचा नळ कुणीतरी हळूच बंद केला. नंदाने पाण्यात पाय आणखी थोडे पुढे सोडले आणि ती ऐकू लागली.